प्रेक्षक नको, गर्दी हवी

उर्दूत दोन शब्द आहेत. एक तमाशबीन आणि दुसरा कदरदान. दोघेही समोर चाललेला खेळ पाहतात, पण तमाशबीन फक्त बघतो आणि कदरदानाला त्यातलं कळतं. कदरदान दाद देतो, नापसंतीही दाखवतो. समोरच्या कलावंताला त्याचा धाक असतो. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांच्या अशा जोड्या जमवायची खोड आहे. पण ही जोडी मला वर्गात नाही, क्रिकेटच्या मैदानावर जाऊन जाऊन कळली. गेली तीस वर्षं मी क्रिकेट पाहतोय. या तीस वर्षांत आपल्या क्रिकेटच्या कारभाऱ्यांनी एक काम फार चिकाटीने केलंय. त्यांनी कदरदानाला मैदानाबाहेर काढलं आणि त्याच्या खुर्चीवर तमाशबीन आणून बसवला. आता तर त्यांना तमाशबीनही नको आहे. टीव्हीच्या कॅमेऱ्याला मागे रंग भरायला गर्दी लागते, तेवढीच हवी आहे.

हे रागाने लिहितोय, हे मान्य. पण राग कोणाला येतो? ज्याचं प्रेम आहे त्याला. ज्याला क्रिकेटशी देणंघेणं नाही तो चॅनल बदलतो आणि मोकळा होतो.

आधी प्रेमाचं सांगतो. २९ फेब्रुवारी १९९६, गुरुवार. विश्वचषकाचा सामना, पुण्याचं नेहरू स्टेडियम, वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया. मी नववीत होतो. रमजान ईद होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि खिशात ईदीचे पैसे होते. अम्मीला वाटत होतं त्यातून बूट यावेत. मामूंनी मध्यस्थी केली आणि बुटांचं तिकीट झालं. स्वारगेटला एसटीतून उतरायचं आणि चालत मैदानात जायचं, इतकं सोपं होतं ते. अम्मीने डब्यात पराठे आणि शिरखुर्म्याच्या उरलेल्या शेवयांचा गोड शिरा दिला होता. मामूंच्या हातात पाण्याची थंड पिशवी. फाटकावर कुणी डबा उघडून पाहिला नाही. शेजारी बसलेल्या एका पेन्शनर आजोबांनी मात्र उघडून पाहिला आणि चवही घेतली.

आम्ही गेलो होतो लाराला बघायला. केनियाचा डाव १६६ धावांत आटोपला. त्यात सगळ्यात जास्त धावा वेस्ट इंडीजने फुकट दिलेल्या अवांतर होत्या. सगळे म्हणाले, चला, आता लाराची फटकेबाजी बघू आणि घरी जाऊ. केनियाचा यष्टिरक्षक तारिक इक्बाल. अंगाने भरलेला, डोळ्यांवर चष्मा, हातातून चेंडू निसटायचा. आमच्या स्टँडमध्ये त्याची चेष्टा चालली होती. आजोबा म्हणाले, “हा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी दिसतोय.” आणि मग रजब अलीच्या चेंडूला लाराच्या बॅटची कड लागली आणि त्याच तारिकने तो झेल धरला. लारा ८ धावांवर बाद. एक क्षण कुणाला कळेना काय करावं. आम्ही पैसे दिले होते ते लारासाठी. पण पुढच्याच क्षणी अख्खा स्टँड उभा राहिला आणि त्या चष्मेवाल्यासाठी टाळ्या पडू लागल्या. वेस्ट इंडीज ९३ धावांत गारद झाले, केनिया ७३ धावांनी जिंकला. भारताचा सामना नव्हता, आमच्या कोणाचंही केनियाशी नातं नव्हतं. पण घशाला कोरड पडेपर्यंत लोक ओरडत होते. मोठे पडले आणि साधी माणसं जिंकली, याचा तो आनंद होता. तो आनंद कुणी लाउडस्पीकरवरून सांगितला नव्हता, आपोआप आला होता.

त्यानंतर नेहरू स्टेडियमवर रणजीचे सामने पाहायची सवय लागली. सिमेंटच्या पायऱ्या, अंगावर ऊन, आणि शंभर-दीडशे माणसं. पण काय माणसं होती ती! सुरेंद्र भावे कोणत्या चेंडूला पाय कुठे ठेवतो यावर तासभर वाद घालणारी. औरंगाबादच्या इक्बाल सिद्दिकीचा वेग दुपारनंतर किती कमी होतो हे घड्याळ न बघता सांगणारी. त्यातल्या कुणीतरीच मला भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगितली. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यातच काठियावाडविरुद्ध ते ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर होता आणि काठियावाडच्या कर्णधाराने अब्रू वाचवायला सामनाच सोडून दिला. आजोबा ही गोष्ट अशी सांगायचे जणू कालच झालीय आणि त्यांचे स्वतःचे पैसे बुडालेत. इतिहास शिकवण्याची ती पद्धत मला बी.एड.मध्ये कुणी शिकवली नाही.

हे सगळं केवळ ‘आमच्या वेळी असं होतं’ म्हणून रडायला सांगत नाही. आमच्या वेळीही सगळं छान नव्हतं. पुण्याच्या त्या सामन्याच्या तीनच महिने आधी, २६ नोव्हेंबर १९९५ रोजी, नागपूरला भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामन्यात स्टँडची भिंत कोसळून किमान ९ प्रेक्षक मेले. सामना पुढे खेळवला गेला. त्याच्याही मागे जा. वानखेडे स्टेडियम उभं राहिलं तेच मुळी तिकिटांच्या भांडणातून. ब्रेबॉर्नचा मालक क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात जागांच्या वाटपावरून जुंपली आणि संघटनेने हाकेच्या अंतरावर दुसरं मैदान बांधलं. १९७५ च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडचं द्विशतक झालं, एक पोरगा अभिनंदन करायला आत धावला, पोलिसांनी त्याला बडवलं आणि संतापलेल्या लोकांनी दंगा केला. चहानंतरचा खेळ वाया गेला. म्हणजे प्रेक्षकाच्या पाठीवरचा दंडुका जुनाच आहे.

मग फरक कुठे पडला? फरक पडला तो पैशाच्या वाटेत. पूर्वी क्रिकेट बोर्डाची कमाई फाटकावरच्या तिकिटाची होती. १९८३ चा विश्वचषक जिंकून आलेल्या खेळाडूंना बक्षीस द्यायला बोर्डाकडे पैसे नव्हते, म्हणून दिल्लीत लता मंगेशकरांचा कार्यक्रम करावा लागला. सामना दाखवण्यासाठी दूरदर्शनलाच उलट पैसे मोजावे लागत, असा तो काळ. १९९३ मध्ये हीरो कपच्या प्रक्षेपणावरून वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. निकाल चांगलाच होता. पण जनतेची ती मालमत्ता बोर्डाने विकायला काढली आणि तिची किंमत दर काही वर्षांनी वाढत गेली. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. एका सामन्याला सुमारे ११८ कोटी. आता तुम्हीच हिशेब करा. ज्या दुकानदाराला एका सामन्यामागे ११८ कोटी घरबसल्या मिळतात, तो फाटकावर उन्हात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाची पर्वा कशाला करेल? तुमच्या तिकिटावाचून त्याचं काही अडत नाही. अडतं ते तुमच्या चेहऱ्यावाचून, कारण रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर वाईट दिसतात.

हा एक धागा हातात धरला की पुढची प्रत्येक गोष्ट उलगडत जाते.

तिकिटं घ्या. २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर झाला. मैदानाची क्षमता सुमारे ३३ हजार. सर्वसामान्य लोकांसाठी विक्रीला किती तिकिटं होती? जेमतेम ४ हजार. बाकीची क्लबांना, आयसीसीला, मानकऱ्यांना. पुढे २०१८ मध्ये बोर्डाच्या नव्या घटनेत नियम आला की ९० टक्के तिकिटं विक्रीला काढायची आणि फुकट पास १० टक्क्यांवर ठेवायचे. किती साधी गोष्ट! पण त्यावरून एवढा गोंधळ माजला की वेस्ट इंडीजविरुद्धचा इंदूरचा एकदिवसीय सामना उचलून विशाखापट्टणमला न्यावा लागला. लोकांना तिकीट विकण्यापेक्षा सामना गमावलेला परवडला, अशी ही फुकट पासांची माया.

वेळापत्रक घ्या. २०२३ चा विश्वचषक आपल्याकडे होता. चार-चार वर्षं आधी ठरलेली स्पर्धा, आणि वेळापत्रक जाहीर झालं सुरू व्हायच्या शंभर दिवस आधी. तेही ऑगस्टमध्ये बदललं, नऊ सामन्यांच्या तारखा-वेळा हलवल्या. तिकीटविक्री सुरू झाली ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. एखाद्या शिक्षकाने, एखाद्या बँकेतल्या कारकुनाने रजा कधी टाकायची, रेल्वेचं आरक्षण कधी करायचं? आणि ५ ऑक्टोबरला अहमदाबादच्या त्या प्रचंड मैदानावर उद्घाटनाचा सामना सुरू झाला तेव्हा खुर्च्या ओसाड पडल्या होत्या. मग टीव्हीवरचे विद्वान म्हणाले, लोकांना आता क्रिकेटची ओढ राहिली नाही.

पाणी घ्या. हो, पाणी. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी गहुंज्याला भारत-न्यूझीलंड कसोटीचा पहिला दिवस. गुरुवार, कामाचा वार. तरी सुमारे १८ हजार लोक आले. बहुतेक स्टँडवर छप्पर नाही. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. बाहेरून पाण्याची बाटली आणायला बंदी, आणि आतलं पाणी संपलं. लोकांनी घोषणा दिल्या, संघटनेला जाहीर माफी मागावी लागली. आता हेच मैदान बघा कुठे आहे. नेहरू स्टेडियम स्वारगेटला, शहराच्या पोटात होतं. नवं बांधलं ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या कडेला. ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याच्यासाठी सोय, ज्याच्याकडे एसटीचा पास आहे त्याच्यासाठी शिक्षा. मैदान कुणासाठी बांधलंय हे कळायला त्याची जागाच पुरेशी आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मैदानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका मैदानाचा नाही. काही वर्षांपूर्वी शाळेतली १४ मुलं-मुली घेऊन मी कसोटी सामना पाहायला गेलो. तिकिटं फक्त ऑनलाइन. एका मोबाइलवरून ठरावीकच मिळणार, म्हणून चार पालकांचे फोन गोळा केले. मग ती छापील तिकिटं घ्यायला आदल्या दिवशी मी एकटा जाऊन दोन तास रांगेत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी फाटकावर तपासणी. पाण्याच्या बाटल्या काढल्या, ठीक. नाणी काढली, ठीक. एका मुलाने धावा टिपायला वही-पेन आणलं होतं, तेही काढलं. मग डबे. आठवीतल्या एका मुलीची आई पहाटे चारला उठून चपात्या आणि अंड्याची भाजी करून देते, मग धुणीभांडी करायला जाते. त्या सुरक्षारक्षकाने तो डबा पिंपात उपडा केला आणि रिकामा डबा तिच्या हातात दिला. मी वाद घातला तर म्हणाला, “सर, मी काय करू, वरून ऑर्डर आहे.” त्याचंही बरोबरच होतं. तो बारा तासांच्या ड्युटीवरचा गरीब माणूस, त्यालाही आत डबा न्यायची परवानगी नव्हती. आत सामोसा होता, पण त्याची किंमत बघून मुलं एकमेकांकडे बघायला लागली. चौदा जणांत सहा सामोसे घेतले. ती मुलगी दिवसभर काही बोलली नाही. मैदानावर काय चाललंय याकडे तिचं लक्ष नव्हतं. परतताना म्हणाली, “सर, अम्मीला सांगू नका.”

सुरक्षेसाठी हे करावं लागतं, असं कुणी म्हणेल. मग मेलबर्नच्या मैदानावर लोक घरचं खाणं घेऊन कसे जातात? लंडनच्या लॉर्ड्सवर तर कसोटीला स्वतःची वाइनची बाटली न्यायलाही मुभा आहे. मला त्या बाटलीशी कर्तव्य नाही. पण तिथल्या साहेबाची वाइन सुरक्षित आणि आमच्या पोरीची चपाती धोकादायक, हे गणित मला कुणीतरी फळ्यावर सोडवून दाखवावं.

आता कानांकडे येऊ. पूर्वी मैदानाला स्वतःचा आवाज होता. मराठी, हिंदी, दखनी, सगळ्यांची खिचडी. सीमारेषेवरच्या खेळाडूला मारलेली कोपरखळी, पंचांना दिलेला सल्ला, षटकाषटकाला बदलणारी कुजबुज. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेली पिढी स्टँडमध्येही समालोचनच करायची. भाषेचा शिक्षक म्हणून सांगतो, हजरजबाबीपणाची ती उघडी शाळा होती. आता दोन चेंडूंच्या मध्ये डीजे वाजतो. कधी ओरडायचं ते मोठा पडदा सांगतो. कधी हात वर करायचे ते माइकवाला सांगतो. शेजारच्या माणसाशी एक वाक्य बोलायची सोय उरलेली नाही. न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये सुचवलं होतं की कसोटी आणि एकदिवसीय सामन्यात टीव्हीवर जाहिराती फक्त उपाहार, चहापान आणि ड्रिंक्सच्या वेळी दाखवाव्यात. म्हणजे निदान घरी बसलेल्याला तरी अख्खं षटक बघायला मिळावं. त्या एका शिफारशीने बोर्डाचे डोळे पांढरे झाले आणि ती कधीच अमलात आली नाही.

गर्दीला हुकमावर ओरडायची सवय लावली की ती काय ओरडेल यावरही कुणाचं तरी नियंत्रण येतं. यावर मी बोललो नाही तर माझ्या मोहल्ल्यातली पोरं मला विचारतील. १९९९ च्या जानेवारीत चेन्नईची कसोटी आठवा. सचिनचं १३६, पाठदुखीने वाकलेला सचिन, आणि तरी भारत १२ धावांनी हरला. जिंकलेल्या पाकिस्तानी संघाने मैदानाला फेरी मारली तेव्हा चेन्नईकर उभे राहून टाळ्या वाजवत होते. डोळ्यांत पाणी आणि हातांत टाळ्या, हे ज्याला जमतं तो कदरदान. आता १४ ऑक्टोबर २०२३ चं अहमदाबाद आठवा. बाद होऊन परतणाऱ्या रिझवानच्या तोंडावर देवाच्या नावाच्या घोषणा फेकल्या गेल्या. देवाचं नाव शिवीसारखं वापरलं तर त्यात देवाचाच अपमान होतो, हे कुणाला सुचलं नाही. आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये दुबईत आपण पाकिस्तानकडून हरलो तेव्हा अकरा जण हरले होते, पण समाजमाध्यमांवर शिव्या एकट्या मोहम्मद शमीला पडल्या. कर्णधार कोहली त्याच्या पाठीशी ठाम उभा राहिला, ही त्या दिवसांतली एकच चांगली गोष्ट.

मला चहाच्या टपरीवर अजूनही हसत हसत विचारतात, “काय सर, आज कुणाकडून?” मी तीस वर्षांपासून एकच उत्तर देतो, “चांगल्या क्रिकेटकडून, आणि त्यातही भारताकडून.” पण आता हे उत्तर विद्यार्थ्यांना द्यावं लागतं तेव्हा जीभ जड होते. पंधरा वर्षांच्या पोराला सामना बघायच्या आधी स्वतःचा पुरावा का द्यावा लागावा? चेन्नईच्या त्या टाळ्यांना कुणी देशद्रोह म्हणालं नव्हतं.

या सगळ्याचा कडेलोट कुठे होतो? ४ जून २०२५, बंगळूर. आयपीएल जिंकलेल्या संघाच्या सत्काराला लाखो लोक चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर जमले. आत शिरायचं कसं, पास लागतो की नाही, याचा पत्ता नाही. फाटकांवर चेंगराचेंगरी झाली आणि ११ जण मेले. त्यात शाळकरी वयाची मुलं होती. ११ जण घरून सेल्फी काढायला, झेंडा हलवायला, आपल्या आवडत्या खेळाडूला लांबून बघायला निघाले आणि परत आले नाहीत. मग पोलीस, सरकार, संघाचे मालक, संघटना, सगळे एकमेकांकडे बोट दाखवू लागले. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या व्यवस्थेत प्रेक्षकाची किंमत पडद्यामागच्या रंगापेक्षा जास्त नसते, त्या व्यवस्थेत फाटकाची रुंदी कुणी मोजत नाही.

आता दुसरी बाजूही ऐकून घेऊ. म्हणतात, पैसा आला म्हणून खेळाडूंचं भलं झालं. झालंच. रणजी खेळणाऱ्या पोराला आज नोकरीच्या मागे धावावं लागत नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. वसीम जाफरसारखा माणूस २६० प्रथम श्रेणी सामने खेळला, मुंबईनंतर विदर्भाकडे गेला आणि चाळिशीत दोन रणजी करंडक घेऊन गेला, अशा कष्टांचं चीज व्हायलाच हवं. पण खेळाडूला पगार मिळावा म्हणून प्रेक्षकाला पाणी मिळू नये, असा नियम कुठल्या अर्थशास्त्रात आहे?

म्हणतात, रणजी आणि कसोटी बघायला माणसंच येत नाहीत. येत नाहीत, की तुम्ही त्यांना बोलावत नाही? ३० जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत कोहली रेल्वेविरुद्ध रणजी खेळायला उतरला. प्रवेश फुकट होता. पहाटेपासून रांगा लागल्या, हजारो लोक आले. कोहली दुसऱ्या दिवशी ६ धावांवर हिमांशू सांगवानच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला आणि स्टँड रिकामे झाले, हे खरं आहे. पण मी त्यातून वेगळा धडा घेतो. दार उघडं ठेवलं तर लोक येतात. आलेल्यांना सांगवान कोण, तो कुठून आला, हे कुणी सांगितलं असतं तर त्यातले निम्मे थांबले असते. आमच्या नेहरू स्टेडियमवर ते काम पेन्शनर आजोबा करायचे, एक रुपयाही न घेता.

आणि म्हणतात, सामान्य प्रेक्षक काय करू शकणार? बाहेर बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूल क्लबने फुटबॉलचं तिकीट ७७ पौंडांपर्यंत न्यायचं ठरवलं. सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. काही दिवसांत क्लबने निर्णय मागे घेतला. जर्मनीत क्लबच्या मतदानाचा बहुमताचा हक्क सभासदांकडेच राहावा असा नियम आहे. २०२४ च्या सुरुवातीला तिथल्या लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि तो करार बारगळला. सगळीकडे जिंकतातच असं नाही. अमेरिकेत ओकलंडच्या बेसबॉल संघाचा मालक संघ शहराबाहेर न्यायला निघाला होता. लोकांना यात रस नाही, हे त्याचं कारण. १३ जून २०२३ रोजी चाहत्यांनी उलटा बहिष्कार केला. म्हणजे ठरवून तिकिटं काढली, २७ हजारांवर लोक आले आणि मालकाला ओरडून सांगितलं की संघ वीक आणि जा. संघ अखेर गेलाच. पण लोकांना रस नव्हता, असं आता कुणी म्हणू शकत नाही. आपण मात्र डबा फेकला तरी गप्प, पाणी संपलं तरी दोन घोषणा, आणि पुढच्या सामन्याला पुन्हा मोबाइल घेऊन तिकिटाच्या आभासी रांगेत.

माझ्या मागण्या फार नाहीत. प्रत्येक मैदानात फुकट, थंड, पुरेसं पिण्याचं पाणी. घरचा डबा न्यायला परवानगी. ज्या स्टँडवर छप्पर नाही तिथे आधी छप्पर, नंतर डीजे. प्रत्येक सामन्याआधी एक साधा कागद जाहीर करा: एकूण जागा किती, विक्रीला किती, फुकट पास कुणाला. कसोटीच्या प्रत्येक दिवशी एक स्टँड शाळांसाठी राखून ठेवा, आणि ती तिकिटं मुख्याध्यापकाच्या एका पत्रावर मिळू द्या. रणजीच्या सामन्याला दोन्ही संघांची नावं आणि खेळाडूंची माहिती असलेला मराठी कागद दारात वाटा. आणि राज्य संघटनेच्या कार्यकारिणीत प्रेक्षकांचा एक प्रतिनिधी बसवा. खेळाडूंचे प्रतिनिधी बसवायला लागले तेव्हाही बोर्डाला वाटलं होतं आकाश कोसळेल. कोसळलं नाही.

या मागण्यांवर ११८ कोटींतला चिल्लरभर पैसाही खर्च होणार नाही. म्हणजे अडचण पैशाची नाहीच. प्रेक्षक हा या खेळाचा भागीदार आहे हे मान्य करावं लागेल, तिथे गाडी अडते. आमच्या शाळेतल्या पोरांना आज लिलावात कोणता खेळाडू किती कोटींना गेला हे तोंडपाठ आहे. पण चेंडू बॅटच्या मधोमध लागला की येणारा तो एक आवाज, जो टीव्हीतून कधीच तसा ऐकू येत नाही, तो त्यातल्या बहुतेकांनी ऐकलेला नाही. कदरदान तयार होतो तो त्या आवाजापासून. तो आवाज ऐकायला मिळालाच नाही तर पुढच्या वीस वर्षांत मैदानं भरलेली दिसतील, पण त्यात क्रिकेट कळणारं कुणी नसेल. आणि ज्या दिवशी या गर्दीला दुसरा एखादा तमाशा जास्त आवडेल, त्या दिवशी बोर्डाकडे कोटी असतील, कदरदान मात्र शोधूनही सापडायचा नाही.

तुमच्या गावात जिल्हा संघटना असेल. तिच्या पुढच्या सर्वसाधारण सभेआधी वरच्या मागण्यांचं एक पत्र पाठवा. मी आमच्या संघटनेला पाठवलंय, पालकांच्या सह्यांसकट. उत्तर आलेलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला स्मरणपत्र जातं. मी मास्तर आहे, गृहपाठ आल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही.